घोड्यावरचं माकड: जेडचा छोटा प्राणी घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तुम्ही पांढरट जेडचा बसलेला घोडा पाहिला. लांबी 5.8 सेंटीमीटर, पाठीवर तपकिरी माकड, आयाळीतही थोडा तपकिरी रंग, खाली काळ्या लाकडाची कोरीव बैठक. दुकानदार तो छियेनलोंग बादशहाच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकातला असल्याचं सांगतो आणि 1 लाख 40 हजार मागतो. तुम्ही काचेवर घासून पाहिलं, काच चरली. हाताला गार लागतो, टिचकी मारली की 'टण' वाजतो. ताईची उपजिल्हाधिकारी म्हणून निवड झाली आहे, तिला तो भेट द्यायचा आहे. खरा आहे का, आणि घेऊ का? शिवाय घोड्यावर माकड कशासाठी, हेही तुम्ही विचारलं आहे.

'खरा' या एका शब्दात तुम्ही तीन प्रश्न बांधले आहेत. दगड जेड आहे का? काम किती जुनं आहे? आणि काम चांगलं आहे का? या बाजारात नेहमीची फसवणूक खोट्या दगडाची नसतेच. दगड अस्सल असल्याचा पुरावा हातात ठेवायचा आणि पैसे वयाचे घ्यायचे, ही खरी पद्धत. तुमच्या तिन्ही चाचण्या फार तर दगडाबद्दल काही सांगतात, आणि तेही अर्धवट. वय मी तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून सांगणार नाही. तळाचा फोटो तुम्ही काढलेलाच नाही, आणि मी सगळ्यात आधी तळ बघतो.

तुमच्या चाचण्यांपासून सुरुवात करू. मोह्सच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर खिडकीच्या काचेचा कठीणपणा साधारण साडेपाच असतो, नेफ्राइट या जातीच्या जेडचा सहा ते साडेसहा. त्यामुळे जेडने काच चरते हे बरोबर. पण गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा कठीणपणा सात आहे. अकीक, रंगवलेला क्वार्ट्झाइट, 'इंडियन जेड' नावाने विकला जाणारा हिरवा अॅव्हेंच्युरिन हे सगळे काच त्याहून सहज चरतात. शिवाय या चाचणीत घोड्याच्या खुराची कड उडू शकते, आणि वस्तू अजून तुमची नाही. पुन्हा करू नका. गार लागणं कुठल्याही दगडाचं असतं, काचेचंही असतं. 'टण' आवाज जेडच्या पातळ तबकडीला किंवा वाटीला येतो. पाय पोटाखाली घेऊन बसलेला घट्ट घोडा तसा वाजत नाही, आणि वाजला तरी त्यावरून फार तर मोठी चीर नाही एवढं कळतं.

जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइट हा ट्रेमोलाइट-अॅक्टिनोलाइट या खनिजांच्या बारीक तंतूंचा एकमेकांत गुंतलेला गोळा. नमद्यासारखी वीण असल्यामुळे तो कठीण आहे त्याहून कितीतरी जास्त चिवट आहे, आणि म्हणूनच त्यात बोटभर प्राण्याचे कान टिकतात. दुसरं जेडाइट, सोडियम-अॅल्युमिनियमचं सिलिकेट, ब्रह्मदेशातल्या काचिन भागातलं. ही दोन वेगळी खनिजं आहेत हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दामूर यांनी 1863 मध्ये दाखवलं. चिनी विद्वानांच्या अभ्यासिकेतले जुने प्राणी जवळजवळ सगळे नेफ्राइटचे आहेत. जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणावर यायला लागलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे कुणी जेडाइटचा प्राणी मिंग घराण्याच्या काळातला (1368 ते 1644) म्हणून समोर ठेवला, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही.

दगड ओळखायला सगळ्यात भरवशाची घरगुती चाचणी पाण्यातली. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो. कुठल्याही सोनाराकडे असतो, ऑनलाइनही स्वस्तात मिळतो. बैठक काढून घोडा कोरडा तोला. समजा 74.2 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि काटा शून्यावर आणा. घोडा बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबता धरा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचा नाही. आता काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर घोड्याचं आकारमान. 74.2 ला त्या आकड्याने भागा. आकडा 25.1 आला तर घनता 2.96, म्हणजे नेफ्राइट, ज्याची घनता 2.90 ते 3.03 मध्ये असते. 22.3 आला तर 3.33, जेडाइट. 28.5 आला तर 2.60, म्हणजे सर्पेंटाइन (जेडसारखा दिसणारा, पण मऊ दगड) नाहीतर क्वार्ट्झच्या घराण्यातलं काहीतरी. संगमरवर 2.71 च्या आसपास येतो. काच बहुधा अडीचच्या आसपास, पण शिसं घातलेली काच कुठेही जाऊ शकते, म्हणून आकड्याबरोबर भिंगही हवं.

या चाचणीत चूक होते ती बहुधा एकाच दिशेने. पायांच्या मधल्या खाचेत किंवा दोरा ओवायच्या भोकात हवेचा बुडबुडा अडकला, किंवा घोडा तळाला टेकला, तर आकडा वाढतो आणि घनता कमी दिसते. म्हणून 2.85 आलं तर लगेच 'खोटा' म्हणू नका. बुडाल्यावर मऊ ब्रशने खाचा चोळून बुडबुडे काढा आणि पुन्हा तोला. बारा ग्रॅमच्या चिमुकल्या प्राण्यात काट्याच्या आकड्यातला 0.1 चा फरकही घनता 2.95 वरून 2.88 वर आणतो, तुमच्या घोड्यात त्याच चुकीने जेमतेम 0.01 चा फरक पडेल. एवढ्या वजनाच्या वस्तूला ही पद्धत छान चालते. वस्तू आतून पोकळ असेल, उदाहरणार्थ शाईच्या दगडावर थेंब थेंब पाणी सोडायचं प्राण्याच्या आकाराचं पात्र, तर पोकळी पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मग दहापट भिंग आणि मोबाइलचा टॉर्च. नेफ्राइटमधून प्रकाश येतो तो कापसातून आल्यासारखा, आत ढगाळ धागे दिसतात. साखरेसारखे चमचमते दाणे दिसले तर क्वार्ट्झाइट किंवा संगमरवर. गोल बुडबुडे आणि वाहती रेघ दिसली तर काच. पट्टे दिसले तर अकीक. कुठे जुना टवका उडाला असेल तर नशीब समजा: नेफ्राइट तुसांसारखा, लाकूड मोडल्यासारखा तुटतो, काच शिंपल्यासारख्या गुळगुळीत वळणाने. नखाने ओरखडा उठला तर शंखजिऱ्याचा दगड, तिथेच विषय संपला.

रत्नपरीक्षण प्रयोगशाळेकडून प्रमाणपत्र घेता येतं आणि 1 लाख 40 हजारांची वस्तू असेल तर घ्यावंच. पण त्यावर लिहिलेलं असतं 'नेफ्राइट'. त्या कागदात वयाबद्दल एक अक्षर नसतं. चिनी प्रमाणपत्रावरच्या 'हतियेन जेड' या शब्दांनीही हुरळून जाऊ नका. हतियेन म्हणजे खोतान, कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या युरुंगकाश आणि काराकाश नद्यांचा प्रदेश. मात्र चीनच्या आजच्या मानकात ते नाव दगडाच्या जातीचं आहे, गावाचं नाही. छिंगहाय प्रांतातल्या किंवा रशियातल्या नेफ्राइटवरही तेच नाव येऊ शकतं. छिंगहायचा दगड 1990 च्या दशकात बाजारात आला. तो जरा जास्त पारदर्शक, पाणीदार असतो, आणि त्यात पुष्कळदा पाण्याच्या रेघेसारखी स्वच्छ शीर दिसते. अशा दगडात 'अठराव्या शतकातलं' काम सापडलं तर काय समजायचं ते उघड आहे.

आता वय. जेडचं वय सांगणारं यंत्र नाही. कार्बन-14 ला सजीवातला कार्बन लागतो, थर्मोल्युमिनेसन्स या दुसऱ्या वय मोजायच्या पद्धतीला भट्टीत भाजलेली माती लागते. दगड कोट्यवधी वर्षांचा, तो कोरला कधी हे दगड सांगत नाही. ते सांगतात हत्याराच्या खुणा, म्हणून काम कसं होत असे ते आधी समजून घ्यायला हवं.

जेड छिन्नीने कोरत नाहीत, झिजवतात. पोलादापेक्षा दगड कठीण, त्यामुळे हत्यार नुसतं वाहक. कापते ती वाळू. गारेची, तामड्याची, कुरुंदाची वाळू पाण्यात कालवून लोखंडी चकतीवर सतत सोडायची आणि चकती पायांनी दाबायच्या पट्ट्यांनी पुढे-मागे फिरवायची. भोकासाठी पोकळ नळी, शेवटच्या जिल्हईला लाकडी आणि कातडी चाकं. 1891 साली ली छंगयुआन नावाच्या चित्रकाराने हे सगळे टप्पे चित्रांत दाखवले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला गेलेल्या हेबर बिशप यांच्या जेड-संग्रहाच्या ग्रंथासाठी ती चित्रं काढली होती. विसाव्या शतकात सिलिकॉन कार्बाइडची कृत्रिम भुकटी आली, आणि पुढे विजेवर हजारोंच्या वेगाने फिरणारी, हिऱ्याची पूड बसवलेली टोकं आली. दंतवैद्याच्या हातात असतात त्यांचीच भावंडं.

हा फरक तुमच्या घोड्यावर कुठे दिसेल? आयाळीच्या रेघा घ्या. जुनी रेघ फिरत्या चकतीच्या कडेने पडलेली असते. त्यामुळे ती होडीसारखी: टोकाला उथळ आणि अरुंद, मध्ये खोल आणि रुंद. वळणदार केस हवा असेल तर कारागीर लहान लहान सरळ काप एकापुढे एक ठेवतो. भिंगाखाली ते सांधे आणि जरा पुढे निसटलेली टोकं दिसतात. खाचेच्या आतल्या भिंती मऊ, काठ किंचित गोलावलेले. हिऱ्याच्या टोकाने काढलेली रेघ पेनने काढल्यासारखी हवी तशी वळते, रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच, आणि तळाशी एकमेकींना समांतर तीक्ष्ण ओरखडे. ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधकांनी खाचांचे सिलिकॉनचे ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि हे फरक पक्के केले. घरी तेवढं जमणार नाही. पण दंतवैद्य वापरतात त्या बारीक सिलिकॉनचा ठसा घेऊन भिंगाखाली धरला तरी खाचेचा उलटा आकार डोंगररांगेसारखा वर येतो आणि बघणं फार सोपं होतं. दगडाला चिरा असतील किंवा मेण लावलेलं असेल तर मात्र हे करू नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

डोळे बघा. नळीच्या बरम्याने काढलेला डोळा म्हणजे एक वर्तुळ, आणि हाताने धरून केलेलं असल्याने एका बाजूला जरा खोल. दोरा ओवायला भोक असेल तर काडीने अंदाज घ्या. जुनं भोक पुष्कळदा दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं, दोन शंकू मध्ये भेटतात आणि भेट जरा चुकलेली असते. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत एकाच व्यासाचं, सरळसोट भोक नव्या बरम्याचं. घोडा जुना आणि भोक नंतरचं असंही होतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावायचा नाही.

मग जिल्हई. चाकाने हाताखाली केलेली जिल्हई उंचवट्यांवर पूर्ण पोचते आणि मागच्या पायाच्या आणि पोटाच्या सांध्यात, जिथे चाक शिरत नाही, तिथे मंदावते. मिंग काळच्या कामात हा फरक सहज दिसतो, छिंग काळातली (1644 ते 1912, छियेनलोंग याच घराण्यातला) उत्तम कामं सांध्यातही जपून घासलेली असतात. ड्रममध्ये फिरवून काढलेली आजची चमक सगळीकडे सारखी असते, आणि ती प्रत्येक कड साबणाच्या वडीसारखी गोल करून टाकते. हात लागून आलेली झीज वेगळी. दगड इतका चिवट आहे की दोनशे वर्षं हाताळूनही फक्त कान, पाठीचा कणा आणि नाकाचा शेंडा एवढेच मऊ होतात. तळावर टेबलावर सरकल्याचे ओरखडे असतात आणि ते सगळ्या दिशांना जातात. एकाच दिशेचे ओरखडे म्हणजे कुणीतरी ते सँडपेपरवर ओढले आहेत.

आता तळ. छोटा प्राणी तळहातावर उलटा ठेवून बघण्यासाठीच असतो, आणि चांगला कारागीर तळाला जास्त मेहनत घेतो. घोडा बसताना पाय कसे दुमडतो, कुठला पाय कशावर येतो, शेपटी कुठल्या बाजूने वळून मांडीखाली जाते, हे सगळं तिथे असतं. चारही पाय मोजा. प्रत्येक पाय खांद्यापासून किंवा कुल्ल्यापासून खुरापर्यंत बोटाने अनुसरता आला पाहिजे. घाईच्या कामात एखादा पाय कुठूनही निघतो आणि कुठेही संपतो, चारही खुरं मोदकाच्या कळ्यांसारखी एकसारखी असतात. मधोमध एक खाच दिली की ते खूर दुभंगलेलं होतं, बैलाचं किंवा मेंढीचं. घोड्याला ती खाच नको. ही चूक बाजारातल्या नव्या मालात वारंवार दिसते, कारण एकाच दिवसात एकाच बाकावर घोडे, मेंढ्या आणि रेडे होत असतात. तळ सपाट कापून नुसता घासलेला असेल तर दगड नदीतला गोटा नसून मोठ्या ठोकळ्याचा तुकडा असण्याची शक्यता वाढते. जुने चांगले प्राणी पुष्कळदा गोट्यातून काढलेले असतात. मान मागे वळवलेली, पाय पोटाखाली, सगळं अंग गोळा करून बसलेलं, ही ठेवण निव्वळ सौंदर्यासाठी नाही. गोट्याचा आकार राखायचा, दगड कमीत कमी वाया घालवायचा, आणि मोडण्यासारखं काही बाहेर ठेवायचं नाही, असा सगळा विचार त्यात आहे.

तपकिरी माकडाकडे वळू, कारण तुमच्या वस्तूत सगळ्यात बोलकं तेच ठरेल. नदीत हजारो वर्षं पडलेल्या गोट्यावर लोहाची साल चढते. कारागीर ती साल वाया न घालवता तिथे वेगळा प्राणी योजतो: पांढरा घोडा, सालीतून माकड. हे नीट जमलं असेल तर तपकिरी रंग माकडात आहे आणि घोड्याच्या मानेशी येता येता विरघळतो. रंग चिरेच्या कडेने जरा आत गेलेला दिसतो, आणि जिथे मूळ साल राखली आहे तिथे भिंगाखाली त्वचेच्या रंध्रांसारखे बारीक खड्डे दिसतात. रंगवलेल्या वस्तूत तपकिरी छटा माकडात, आयाळीच्या खाचांत, खुरांच्या मध्ये, सगळीकडे सारखीच साचलेली असते, कारण रंग खोलगटात थांबतो. तुम्ही 'आयाळीतही थोडा तपकिरी रंग आहे' असं लिहिलं आहे, त्यावरच माझी पहिली शंका आहे. मालकाने परवानगी दिली तर लपलेल्या जागी कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये भिजवून फिरवा. रंग बोळ्यावर आला तर निकाल लागला. आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, पक्के रंग निघत नाहीत.

बैठक, डबी आणि शिक्का यांना वयाच्या हिशोबात शून्य गुण. लाकडी बैठक कुठल्याही काळात कुठल्याही प्राण्याखाली करून बसवता येते. सोळाव्या शतकातला, चीनमधल्या सूचौ शहराचा नामांकित कारागीर लू त्झगांग याची सही तर त्याच्यानंतर इतक्या जणांनी कोरली आहे की सही दिसली की सावध व्हावं.

'छियेनलोंग' हा शब्द दुकानदार का वापरतात हेही बघा. छियेनलोंगचा कारभार 1736 ते 1795. त्याच्या सैन्याने 1759 मध्ये आजच्या शिनजियांगवर ताबा मिळवला, आणि खोतानचा पांढरा दगड नियमित दरबारी येऊ लागला. दगडाचा तुटवडा संपल्यावर कामाचं प्रमाण आणि सफाई दोन्ही वाढली. त्यामुळे पांढरा, स्वच्छ, झकास जिल्हईचा कुठलाही प्राणी 'छियेनलोंग' म्हणून खपतो. गंमत म्हणजे खुद्द बादशहाला त्या काळच्या अति जाळीदार, दिखाऊ नव्या कामाचा इतका वैताग होता की त्याने त्याला 'जेडवरचं संकट' म्हटलं. शैलीवरून काळ ठरवताना मिंगचे प्राणी जरा राकट, कणा ठळक, अंगात जोर. छिंगचे जास्त मऊ आणि तपशीलवार, एवढा ढोबळ अंदाज बांधता येतो. पण छिंग काळातच जुन्याच्या नकला होत होत्या, तेव्हा निव्वळ शैलीवर पैसे लावू नयेत. हाडासारखा पांढरा पडलेला, 'थडग्यातून निघालेला' प्राणी तर भट्टीत भाजून किंवा आम्लात बुडवूनही करता येतो. त्या वाटेला नवख्याने जाऊच नये.

हे प्राणी कशासाठी होते तेही सांगतो, कारण किंमत आणि आनंद दोन्ही त्यावर आहेत. चिनी विद्वानाच्या मेजावर कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड ही चार मुख्य साधनं, आणि त्यांच्याभोवती छोट्या वस्तूंचं गणगोत: कुंचला टेकवायचा डोंगर, कुंचला धुवायची वाटी, पाण्याचं थेंबपात्र, आणि पातळ कागद उडू नये म्हणून पेपरवेट. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सूचौच्या वन चनहंग याने अभिरुचीवर 'चांगवूची' हा ग्रंथ लिहिला. त्यात पेपरवेटच्या प्रकरणात जेडचे जुने ससे, बैल, घोडे, हरणं, मेंढ्या, बेडूक, बसलेला वाघ अशी यादीच आहे, आणि हे सगळ्यात जुन्या वळणाचे, सगळ्यात देखणे, असा शेराही. म्हणजे तेव्हाही लोक जुने जेडचे प्राणी शोधून मेजावर ठेवत होते. चीनमधल्या आन्यांगला 1976 मध्ये उघडलेल्या राणी फू हाओच्या थडग्यात, साधारण इसवी सनापूर्वी 1200 च्या, 755 जेडच्या वस्तू निघाल्या. त्यांत पुष्कळ प्राणी-पक्षी आहेत, आणि काही वस्तू तिच्या काळातही पुरातन होत्या. मुघलांनीही त्याच खोतानचा दगड वापरला. अलाहाबादला 1803 मध्ये एका टाक्यात सापडलेलं हिरव्या जेडचं कासव ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण ते जवळजवळ अर्ध्या मीटरचं, मुठीत मावणारं नव्हे.

आणि घोड्यावर माकड का? चिनी भाषेत 'घोड्यावर' याला 'माशांग' म्हणतात, आणि 'लगेच, ताबडतोब' यालाही तोच शब्द. माकड 'हौ', आणि 'हौ' या उच्चाराचा दुसरा अर्थ सरदारकीची एक पदवी. घोड्यावर माकड म्हणजे 'लवकरच मोठ्या हुद्द्यावर नेमणूक होवो'. सरकारी परीक्षांवर आयुष्य तोललेल्या समाजात ही भेट का लोकप्रिय झाली हे सांगायला नको. असे श्लेष ढीगभर आहेत: वटवाघूळ म्हणजे सौख्य, हरीण म्हणजे पगार-पद, मासा म्हणजे शिल्लक, लावा पक्षी म्हणजे शांतता.

आता व्यवहार. दुकानात परत जा आणि उजेडात दहा मिनिटं द्या: भिंगाने आयाळ, डोळा, मांडीचा सांधा, मग उलटा करून चार पाय, मग माकडाच्या काखेत रंग कसा बसला आहे ते. पाण्याची चाचणी करू देतो का विचारा, जेडला पाण्याने काही होत नाही. पटलं तर बिलावर 'नेफ्राइट, अठरावं शतक' असं शब्दांत लिहून मागा आणि वस्तू तशी नसल्यास पैसे परत, हेही. 'छिंग शैली' आणि 'छिंग काळ' या दोन शब्दांत लाखभर रुपयांचा फरक असतो. शैली लिहून देणारा काहीच कबूल करत नसतो. आणखी एक प्रश्न विचारा. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते, मग ती चिनी का असेना. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ज्याच्याकडे परवाना नाही आणि जो घोडा अठराव्या शतकातला म्हणतो, त्याच्या दोन गोष्टींपैकी एक तरी गडबड आहे. डोळ्याला सवय लावायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी कामं आहेत. दुकानात जाण्याआधी तिथे तासभर घालवा, भिंग नाही वापरता आलं तरी वळणं कळतात.

घेतलाच तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढीच निगा. तेल नको, मेण नको, दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र तर नकोच. दुसऱ्या कठीण दगडांबरोबर एका पिशवीत ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात फुगते ती बैठक, दगड नाही. सैल झाली म्हणून घोडा गोंदाने चिकटवू नका.

ताईच्या भेटीचं म्हणाल, तर तिथे वयाची गरजच कुठे आहे? 'लगेच हुद्दा मिळो' हा आशीर्वाद नव्या घोड्यावरच्या माकडातही तेवढाच आहे, आणि ताईला हुद्दा तर आधीच मिळाला आहे. पाय नीट दुमडलेला, खूर न दुभंगलेला, माकड सालीतून नेमकं काढलेलं असा आजचा चांगला नेफ्राइटचा घोडा, नवा म्हणून आणि नव्याच्या भावाने विकणाऱ्याकडून घ्या. याच दुकानातला आवडला असेल तर तो मागच्या वर्षी कोरला आहे असं समजून तुम्ही जेवढे द्याल, तेवढेच सांगा. ती फाइलींवर पेपरवेट म्हणूनही वापरू शकेल, एवढ्या घोड्याचं वजन त्याला पुरतं.